‘आणि’, ‘किंवा’ आणि कंस : जँगोमधील संयुक्त अटी

शिष्यवृत्तीची यादी काढावयाची आहे. नियम असा : विद्यार्थ्याचा विषय उर्दू किंवा मराठी असावा आणि त्याला किमान ६० टक्के गुण असावेत. वाचणाऱ्या शिक्षकाला अर्थ सहज कळतो. संगणकाला मात्र ‘किंवा’ची हद्द कोठे संपते, हे सांगावे लागते.

पायथन भाषेतील जँगो हे वेब फ्रेमवर्क २००५ मध्ये मुक्त परवान्याखाली प्रसिद्ध झाले. त्यातील ‘फिल्टर’ला दोन अटी दिल्या की त्या ‘आणि’ने जोडल्या जातात. ‘किंवा’ हवा असल्यास प्रत्येक अट ‘क्यू’ नावाच्या ऑब्जेक्टमध्ये ठेवून चिन्हांनी जोडतात : & म्हणजे आणि, | म्हणजे किंवा, ~ म्हणजे नाही.

चूक होते ती येथेच. पायथन प्रथम ~, मग & आणि शेवटी | विचारात घेते. त्यामुळे ‘उर्दू | मराठी & ६०’ असे सलग लिहिल्यास गुणांची अट फक्त मराठीला लागते. ४५ टक्के मिळविणारा उर्दूचा विद्यार्थी यादीत येतो, तितकेच गुण असलेला मराठीचा विद्यार्थी बाहेर राहतो. संगणक कसलीही तक्रार करीत नाही. यादी नीटनेटकी छापून येते. जागा मोजक्या असतील तर एखाद्या पात्र मुलाचा हक्क गेलेला असतो. ‘(उर्दू | मराठी) & ६०’ एवढ्या एका कंसाचा हा फरक!

नकाराचेही तसेच. कंसाबाहेर ~ लावला की आतला ‘किंवा’ ‘आणि’ होतो : उर्दूही नाही आणि मराठीही नाही. हा नियम ज्यांच्या नावाने ओळखला जातो, ते ऑगस्टस डी मॉर्गन १८०६ मध्ये मदुराईत जन्मले होते.

विषयवार गुण वेगळ्या तक्त्यात असतील तर आणखी एक खाच आहे. ‘विषय उर्दू’ आणि ‘गुण किमान ६०’ या अटी एकाच फिल्टरमध्ये दिल्यास दोन्ही एकाच नोंदीला लागतात. एकापुढे एक दोन फिल्टर जोडल्यास त्या वेगवेगळ्या नोंदींनीही पूर्ण होतात. उर्दूत ४० आणि भूगोलात ७२ मिळविणाराही आत येतो. शिवाय एकच नाव अनेकदा येऊ शकते. त्यासाठी ‘डिस्टिंक्ट’ वापरतात.

जँगोने तयार केलेली एसक्यूएल आज्ञा छापून पाहता येते. वर्गात ती फळ्यावर लिहावी आणि चार-पाच काल्पनिक विद्यार्थ्यांचे गुण घेऊन यादीत कोण येतो, ते मुलांकडूनच हाताने काढून घ्यावे.