विश्लेषण : कॅमेरे आहेत, रिप्ले आहे, तरीही अमेरिकन फुटबॉलमध्ये पंचांच्या निर्णयांवरून वाद का?

अमेरिकेतील नॅशनल फुटबॉल लीग (एनएफएल) ही जगातील सर्वाधिक कमाई करणारी क्रीडा लीग. तिच्या प्रत्येक सामन्यावर अनेक कोनांतून कॅमेऱ्यांची नजर असते आणि न्यूयॉर्कमधील मध्यवर्ती कक्षात बसलेले अधिकारी वादग्रस्त चेंडू पुन्हा पुन्हा पाहू शकतात. तरीही पंचांच्या निर्णयावरून गदारोळ झाला नाही असा मोसम विरळाच. जानेवारी २०१९ मध्ये पंचांनी न दिलेल्या एका निर्णयाचे प्रकरण थेट न्यायालयात गेले आणि लीगला नियम बदलावा लागला. तो बदललेला नियम जेमतेम एक मोसम टिकला. तंत्रज्ञान नेमके कुठे अडते आणि वाद का मिटत नाहीत, याविषयी...

मैदानावर पंच किती असतात?

एनएफएलच्या सामन्यात मैदानावर सात पंच असतात. मुख्य पंच म्हणजे रेफ्री पांढऱ्या टोपीत, तर बाकीचे सहा काळ्या टोपीत असतात. आक्रमण करणाऱ्या संघाला १० यार्ड पुढे सरकण्यासाठी चार संधी मिळतात. या संधीला ‘डाउन’ म्हणतात. १० यार्ड पार केले की पुन्हा चार डाउन मिळतात. चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या टोकाच्या क्षेत्रात नेल्यास टचडाउनचे ६ गुण, तर खांबांमधून लाथाडल्यास फील्ड गोलचे ३ गुण मिळतात. नियमभंग दिसला की पंच कमरेचा पिवळा रुमाल मैदानावर टाकतात. त्यालाच ‘फ्लॅग’ म्हणतात. एका डाउनचा खेळ सहसा काही सेकंदांतच संपतो. तेवढ्यात २२ खेळाडू एकमेकांना ढकलत, ओढत, अडवत असतात. त्यातील बहुतेक धक्के नियमात बसणारे असतात. नेमका कोणता बसत नाही, हे सात माणसांनी त्या क्षणी ठरवायचे असते.

न्यू ऑर्लिन्समध्ये काय घडले?

२० जानेवारी २०१९. सुपर बोल या अंतिम सामन्यात कोण जाणार हे ठरवणारी न्यू ऑर्लिन्स सेंट्स आणि लॉस एंजेलिस रॅम्स यांच्यातील लढत. गुणफलक २०-२०, खेळ संपायला १ मिनिट ४९ सेकंद बाकी. सेंट्सचा संघ रॅम्सच्या १३ यार्डांच्या रेषेवर होता आणि त्यांचा तिसरा डाउन सुरू होता. क्वार्टरबॅक ड्रू ब्रीसने उजवीकडे टॉमीली लुईसच्या दिशेने चेंडू फेकला. चेंडू पोहोचण्यापूर्वीच रॅम्सचा बचावपटू निकेल रोबी-कोलमन लुईसवर आदळला. चेंडू हवेत असताना तो झेलू पाहणाऱ्या खेळाडूला असे अडवणे म्हणजे ‘पास इंटरफिअरन्स’. घरी बसलेल्या प्रेक्षकांनाही ते स्पष्ट दिसले. फ्लॅग मात्र पडला नाही.

या एका फ्लॅगने काय बदलले असते?

फ्लॅग पडला असता तर सेंट्सना टचडाउनच्या अगदी जवळ नवे चार डाउन मिळाले असते. घड्याळातील वेळ जवळपास संपवून, शेवटच्या काही सेकंदांत सोपा फील्ड गोल करून त्यांना सामना खिशात घालता आला असता. प्रत्यक्षात त्यांना लगेच फील्ड गोलवर समाधान मानावे लागले. २३-२० अशी आघाडी मिळाली, पण रॅम्सच्या हाती दीड मिनिटाहून अधिक वेळ राहिला. ग्रेग झुरलाइनने १५ सेकंद शिल्लक असताना ४८ यार्डांवरून बरोबरी साधली आणि जादा वेळेत ५७ यार्डांवरून फील्ड गोल करून रॅम्सला २६-२३ असे जिंकून दिले.

सामन्यानंतर सेंट्सचे प्रशिक्षक शॉन पेटन यांनी सांगितले की, पंच विभागाच्या प्रमुखांनी फोनवर चूक मान्य केली आहे. रोबी-कोलमनला त्याच धडकेसाठी २६,७३९ डॉलरचा दंड झाला. म्हणजे धडक नियमबाह्य होती, हे लीगने दंड ठोठावून मान्य केले, पण निकाल कायम राहिला. न्यू ऑर्लिन्समध्ये अनेकांनी सुपर बोलवर बहिष्कार टाकला आणि शहरातील त्या सामन्याची प्रेक्षकसंख्या आदल्या वर्षीपेक्षा जवळपास निम्म्यावर आली. स्थानिक ‘टाइम्स-पिकायून’ दैनिकाने दुसऱ्या दिवशी पहिले पान जवळजवळ कोरे ठेवले. चाहत्यांनी दावे दाखल केले. त्यातील एक लुईझियानाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि सप्टेंबर २०१९ मध्ये फेटाळला गेला.

रिप्ले असूनही चूक का सुधारली नाही?

कारण तेव्हाच्या नियमानुसार पास इंटरफिअरन्स रिप्लेच्या कक्षेतच नव्हता. एनएफएलने रिप्ले १९८६ मध्ये आणला, पण वेळखाऊ ठरल्याने १९९१ च्या मोसमानंतर बंद केला. तो परत आणायलाही एक वादच निमित्त ठरला. ६ डिसेंबर १९९८ रोजी न्यूयॉर्क जेट्सच्या विनी टेस्टावर्डीचे हेल्मेट गोलरेषेपलीकडे गेले, चेंडू नाही. पंचांनी टचडाउन दिला आणि सिअॅटल सीहॉक्स ३१-३२ असे हरले. पुढच्याच मोसमात, १९९९ मध्ये, रिप्ले परतला. सोबत प्रशिक्षकांना लाल फ्लॅग टाकून निर्णयाला आव्हान देण्याची मुभा मिळाली. आव्हान फसले तर संघ एक टाइमआउट गमावतो. क्रिकेटच्या ‘डीआरएस’सारखीच ही रचना. २०१७ पासून रिप्लेचा अंतिम निर्णय न्यूयॉर्कमधून होऊ लागला.

मात्र रिप्लेची कक्षा मुख्यतः वस्तुस्थितीपुरती ठेवण्यात आली. चेंडूने रेषा ओलांडली का, पाय मैदानात होता का, गुडघा आधी टेकला की चेंडू आधी सुटला, या प्रश्नांना ‘हो’ किंवा ‘नाही’ असे उत्तर असते. धक्का किती जोराचा म्हणजे नियमबाह्य, याला तसे उत्तर नसते. म्हणून असे निर्णय मैदानावरील पंचांवरच सोडले होते.

मग २०१९ मध्ये नियम बदलला, त्याचे काय झाले?

मार्च २०१९ मध्ये संघमालकांनी ३१ विरुद्ध १ मताने एका वर्षासाठी पास इंटरफिअरन्स रिप्लेच्या कक्षेत आणला. दिलेला निर्णयच नव्हे, तर न दिलेला निर्णयही तपासता येणार होता. पण निर्णय फिरवण्यासाठी ‘स्पष्ट आणि उघड’ दृश्य पुरावा हवा, अशी अट होती. ‘उघड’ कशाला म्हणायचे, यावर मोसमभर एकमत झाले नाही. नोव्हेंबर २०१९ मध्ये बाल्टिमोर रेव्हन्सविरुद्ध ह्यूस्टन टेक्सन्सच्या डीअँड्रे हॉपकिन्सला चेंडू पोहोचण्यापूर्वीच अडवल्याचे रिप्लेत दिसत होते. प्रशिक्षकाने आव्हान दिले, तरी निर्णय बदलला नाही.

सर्वात मोठा योगायोग ५ जानेवारी २०२० रोजी घडला. ज्या सेंट्समुळे नियम आला, तेच सेंट्स जादा वेळेत मिनेसोटा वायकिंग्सकडून २०-२६ असे हरले. विजयी टचडाउन झेलण्यापूर्वी वायकिंग्सच्या काइल रुडॉल्फने बचावपटूला हाताने ढकलल्याचे अनेकांचे म्हणणे होते. न्यूयॉर्कमध्ये दृश्य तपासले गेले आणि टचडाउन कायम राहिला. मोसम संपल्यावर या नियमाला मुदतवाढ देण्याचा प्रस्तावच आला नाही. न्यूयॉर्कमधील पंचाला मैदानावरील पंचापेक्षा अधिक कोन दिसतात, पण धक्क्याचे माप त्यालाही स्वतःच्या नजरेनेच काढावे लागते, हे या प्रयोगातून दिसले.

फ्लॅग पडला तर वाद होत नाही का?

तरीही होतो. फेब्रुवारी २०२३ च्या सुपर बोलमध्ये कॅन्सस सिटी चीफ्स आणि फिलाडेल्फिया ईगल्स ३५-३५ अशा बरोबरीत होते आणि १ मिनिट ५४ सेकंद बाकी होते. ईगल्सच्या जेम्स ब्रॅडबेरीने प्रतिस्पर्ध्याची जर्सी ओढल्याबद्दल फ्लॅग पडला. चीफ्सना नवे डाउन मिळाले, त्यांनी घड्याळ संपवत नेले आणि ८ सेकंद उरले असताना फील्ड गोल करून ३८-३५ असा विजय मिळवला. म्हणजे चार वर्षांपूर्वी सेंट्सना जे मिळाले नाही, नेमके ते चीफ्सना मिळाले. जर्सी ओढल्याचे ब्रॅडबेरीने स्वतः मान्य केले. तरीही, इतक्या किरकोळ कारणासाठी एवढ्या मोठ्या क्षणी फ्लॅग कशाला, अशी टीका झालीच. नियम पहिल्या मिनिटाला आणि शेवटच्या मिनिटाला सारखाच लावायचा का, या प्रश्नावर चाहत्यांमध्येच एकमत नाही.

नियमच गुंतागुंतीचे असतात का?

काही वादांत पंच नियमाप्रमाणे बरोबर होते आणि खटकत होता तो नियमच. जानेवारी २००२ मध्ये बर्फवृष्टीत झालेल्या बाद फेरीच्या सामन्यात ओकलंड रेडर्सच्या चार्ल्स वूडसनने टॉम ब्रेडीच्या हातून चेंडू पाडला. पण हात पुढे आल्यानंतर चेंडू छातीशी परत आणताना सुटला तरी ती अपूर्ण फेकच, असे तेव्हाचा ‘टक रूल’ सांगत होता. रिप्लेनंतर निर्णय फिरला, न्यू इंग्लंड पेट्रियट्स १६-१३ असे जिंकले आणि पुढे त्यांनी पहिला सुपर बोल पटकावला. हा नियम रद्द व्हायला २०१३ उजाडले.

‘झेल’ कशाला म्हणायचे, यावरही असाच घोळ होता. जानेवारी २०१५ मध्ये डॅलस काउबॉइजच्या डेझ ब्रायंटने ग्रीन बे पॅकर्सविरुद्ध चौथ्या डाउनवर घेतलेला झेल, जमिनीवर पडताना चेंडू हलल्यामुळे रिप्लेत रद्द झाला. काउबॉइज २१-२६ असे हरले. २०१८ मध्ये झेलाची व्याख्या सोपी करण्यात आली.

‘हॉक-आय’ आल्याने प्रश्न सुटला का?

क्रिकेटप्रेमींना परिचित असलेले हॉक-आय २०२५ च्या मोसमापासून एनएफएलमध्ये १० यार्डांचे अंतर मोजण्यासाठी वापरले जाऊ लागले. पूर्वी हे काम मैदानावर साखळी आणून होत असे. पण इथे एक मेख आहे. हॉक-आय मोजते ते चेंडू ठेवलेल्या जागेपासून रेषेपर्यंतचे अंतर. चेंडू कुठे ठेवायचा, हे अजूनही पंचच ठरवतात.

जानेवारी २०२५ मध्ये बफलो बिल्सच्या जोश अॅलनने चीफ्सविरुद्ध चौथ्या डाउनवर खेळाडूंच्या गर्दीत मुसंडी मारली. दोन बाजूंच्या दोन पंचांना चेंडू वेगवेगळ्या ठिकाणी दिसला. ज्या पंचाला तो रेषेच्या अलीकडे दिसला, त्याचे म्हणणे ग्राह्य धरले गेले आणि रिप्लेतही तेच कायम राहिले. तेव्हा २२-२१ ने पुढे असलेले बिल्स अखेर २९-३२ असे हरले. हॉक-आयचे मोजमाप असते तरी हा वाद मिटला नसता.

अडचण तांत्रिक आहे. क्रिकेट किंवा टेनिसमध्ये चेंडू मोकळ्या हवेत असतो, म्हणून कॅमेरे त्याचा मार्ग रेखाटू शकतात. इथे चेंडू अनेकदा खेळाडूंच्या ढिगाऱ्याखाली असतो. चेंडूत २०१७ पासून चिप असते, पण तिची अचूकता इंचाचा निवाडा करण्याइतकी नाही. शिवाय खेळाडूचा गुडघा टेकला त्याच क्षणी चेंडूचे टोक कुठे होते, हे कळायला हवे. म्हणजे एकाच वेळी दोन गोष्टी मोजायच्या आणि दोन्ही दृष्टीआड!

पंचांची गुणवत्ता कमी आहे का?

एनएफएलचे बहुतांश पंच पूर्णवेळ नाहीत. त्यांचे दुसरे व्यवसायही असतात. गाजलेले माजी रेफ्री एड होकुली हे वकील. यावरून टीका होते. पण अनुभवी पंच नसतील तर काय होते, ते २०१२ मध्ये दिसले. करार रखडल्याने लीगने नेहमीच्या पंचांना बाहेर ठेवून बदली पंच आणले. २४ सप्टेंबरला सिअॅटल आणि ग्रीन बे यांच्यातील सामन्याच्या शेवटच्या चेंडूवर दोन खेळाडूंनी एकाच वेळी झडप घातली. शेजारी उभ्या दोन पंचांनी दोन वेगळ्या खुणा केल्या. टचडाउन दिला गेला आणि सिअॅटल १४-१२ ने जिंकले. सिअॅटलच्या गोल्डन टेटने आधी बचावपटूला ढकलले होते आणि त्यावर फ्लॅग हवा होता, असे लीगने दुसऱ्या दिवशी मान्य केले. दोनच दिवसांत नेहमीच्या पंचांशी समझोता झाला.

आता दबाव का वाढला आहे?

मे २०१८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने क्रीडा सट्ट्यावरील राष्ट्रीय निर्बंध रद्द केले. आज ३५ हून अधिक राज्यांत तो कायदेशीर आहे. त्यामुळे एका फ्लॅगवर संघाच्या विजयाबरोबरच लाखो लोकांचे पैसेही अवलंबून असतात. साधी चूकही मग संशयाने पाहिली जाते.

स्टेडियममधील कक्षात पडद्यासमोर बसणारा आठवा पंच नेमावा, अशी सूचना अनेकदा होते. २०१९ मध्ये ‘अलायन्स ऑफ अमेरिकन फुटबॉल’ या अल्पायुषी लीगने तसा पंच नेमलाही होता. एनएफएल मात्र सावधपणे पावले टाकते आहे. २०२५ मध्ये रिप्ले अधिकाऱ्यांना काही प्रकारचे फ्लॅग तपासून मागे घ्यायला लावण्याची मुभा मिळाली. पण ती मैदानावर फ्लॅग पडला असेल तरच. न पडलेला फ्लॅग टाकण्याचा अधिकार त्यांना दिलेला नाही. म्हणजे न्यू ऑर्लिन्समधील ती धडक २०२५ च्या नियमांखाली जशीच्या तशी पुन्हा घडली असती, तरी त्या क्षणी ती सुधारता आली नसती.