वृत्तमाध्यमे आणि लोकांचे लक्ष
समाजातील असंख्य प्रश्नांपैकी कोणते लोकांना महत्त्वाचे वाटतात, हे वृत्तमाध्यमांच्या निवडीवर बऱ्याच अंशी अवलंबून असते. बातमीचे स्थान, मथळा व पुनरावृत्ती यांवरून वाचक तिचे महत्त्व ठरवितो. मॅक्सवेल मॅकॉम्ब्ज व डॉनल्ड शॉ यांनी १९६८ च्या अमेरिकन अध्यक्षीय निवडणुकीच्या वेळी चॅपल हिल येथे केलेल्या पाहणीत माध्यमांचा व मतदारांचा अग्रक्रम बव्हंशी सारखाच आढळला.

बिहारमधील कच्च्या कैद्यांचे प्रकरण हे याचे भारतातील ठळक उदाहरण होय. आरोपित गुन्ह्याच्या कमाल शिक्षेहूनही अधिक काळ अनेक जण खटल्याविना तुरुंगात होते. जानेवारी १९७९ मध्ये इंडियन एक्स्प्रेसने ही माहिती प्रसिद्ध केली. तिच्या आधारे कपिला हिंगोरानी यांनी सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. हुसैनारा खातून खटल्यात न्यायालयाने अशा कैद्यांच्या सुटकेचे आदेश दिले आणि शीघ्र न्यायचौकशी हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मध्ये अंतर्भूत असलेला मूलभूत हक्क ठरविला. हे कैदी बातमी येण्यापूर्वीही तुरुंगातच होते. कुपोषणासारखे संथपणे वाढणारे प्रश्नही ठळक घटनेचे रूप घेईपर्यंत असेच दुर्लक्षित राहतात आणि बातम्या थांबल्या, की ते सुटल्याचा भास होतो.