आधी गडगडाट, मग हादरा : जमिनीतल्या लाटा अशा चालतात

हिंगोली : वसमत, औंढा, कळमनुरी भागात भूकंपाचा धक्का बसला की पारावर एकच बोलणं असतं. आधी जमिनीतून गडगड आवाज आला, मग भांडी वाजली. २१ मार्च २०२४ ला सकाळी सहाच्या सुमारास ४.५ तीव्रतेचा धक्का बसला, तेव्हाही हीच चर्चा होती. पण आवाज आधी का येतो?

विहिरीत दगड टाकला की लाट काठापर्यंत येते. पाण्यावरचं पान मात्र जागच्या जागी वरखाली होतं. म्हणजे पाणी पुढं जात नाही, हादरा पुढं जातो. जमिनीचंही तसंच आहे.

खोलवर खडक सरकला की तिथून दोन प्रकारच्या लाटा एकाच वेळी निघतात. पहिली ढकलाढकलीची. रेल्वेच्या डब्यांना इंजिनाचा धक्का बसला की एक डबा दुसऱ्याला रेटतो, तशी. आवाजही हवेतून असाच चालतो. म्हणून या लाटेचा थोडा भाग हवेत उतरला की आपल्याला गडगडाट ऐकू येतो. खडकातून ती सेकंदाला साधारण ६ किलोमीटर धावते.

दुसरी कासऱ्यासारखी. कासरा झटकला की नागमोडी लाट बैलापर्यंत जाते, दोर मात्र आडवा हलतो. ही लाट सेकंदाला साडेतीन किलोमीटरच्या आसपास चालते, म्हणून मागून येते. पण जमीन आडवी हलवते आणि भिंतींना तडे पाडते ती बहुतेक हीच. (पाण्यातून ती जातच नाही, पहिली जाते.)

दोन्हींमधल्या अंतरावरून केंद्र किती लांब, तेही काढता येतं. एका सेकंदाला ढोबळमानाने ८ किलोमीटर धरायचे. पाच सेकंदांचा फरक असेल तर केंद्र ४० किलोमीटरवर. जपानमध्ये पहिली लाट यंत्राने टिपली की मोबाईलवर इशारा जातो. आपल्याकडे केंद्र गावाखालीच असेल, तर मध्ये एक-दोन सेकंदच मिळतात. तेवढ्यात झोपेतला माणूस उठूनही बसत नाही.

किल्लारीत ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे तेच झालं. दगड-मातीच्या जाड भिंती आणि माळवदाचा भार झोपलेल्या माणसांवर कोसळला.

धक्क्यानंतर ‘रात्री दोनला मोठा भूकंप येणार’ असे मेसेज फिरतात. लाट निघाल्यावर ती टिपता येते, निघायच्या आधी तिची वेळ सांगणारं यंत्र अजून कुठंच नाही. असला मेसेज पुढं पाठवू नका. त्यापेक्षा खाट तडा गेलेल्या भिंतीपासून आजच सरकवा आणि डोक्यावरच्या फळीवरचे डबे खाली घ्या.