पत्ता हरवलेल्या आज्ञा

मायक्रोसॉफ्टचे व्हिज्युअल स्टुडिओ कोड हे साधन २०१५ साली जाहीर झाले आणि एप्रिल २०१६मध्ये त्याची पहिली स्थिर आवृत्ती आली. तेव्हापासून ते वारंवार अद्ययावत होत राहिले आहे. प्रोग्रॅम लिहिण्याच्या अशा साधनाला कोड एडिटर म्हणतात. या एडिटरच्या खालच्या भागात टर्मिनल, म्हणजे संगणकाला लेखी आज्ञा देण्याची चौकट, उघडता येते. अपडेटनंतर याच चौकटीत कालपर्यंत चालणारी आज्ञा सापडत नसल्याचा संदेश येतो, तेव्हा नव्या आवृत्तीने काहीतरी पुसून टाकले असा समज होतो आणि सारे काढून पुन्हा बसवण्याची घाई केली जाते. बहुतेक वेळा ही घाई अनाठायी असते, कारण प्रोग्रॅम जागेवरच असतो आणि हरवलेला असतो तो केवळ त्याचा पत्ता.

टर्मिनलमध्ये टंकलेला शब्द वाचण्याचे काम शेल नावाचा प्रोग्रॅम करतो. तो शब्द शेलची स्वतःची अंगभूत आज्ञा नसेल, तर शेल फोल्डरांच्या एका यादीत त्या नावाची फाइल शोधतो. यादी डावीकडून उजवीकडे वाचली जाते आणि पहिली सापडलेली फाइल चालवली जाते. या यादीला पाथ म्हणतात आणि ती पर्यावरण-चलात, म्हणजे प्रत्येक चालू प्रोग्रॅमसोबत असणाऱ्या नावनिशीवार नोंदीत, ठेवलेली असते. युनिक्समध्ये ही व्यवस्था १९७९च्या सातव्या आवृत्तीबरोबर, बोर्न शेलसह, रूढ झाली. शेल परत करतो तो आकडाही येथे बोलका असतो: १२७ म्हणजे आज्ञा सापडलीच नाही, तर १२६ म्हणजे फाइल सापडली पण ती चालवता आली नाही. पहिल्या प्रसंगी पाथ तपासावा लागतो, दुसऱ्या प्रसंगी फाइलची परवानगी. हा भेद न पाहता केलेली दुरुस्ती भलत्याच ठिकाणी होते.

मात्र खरी मेख वारशात आहे. प्रत्येक नवा प्रोग्रॅम त्याला सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमकडून पर्यावरणाची एक प्रत घेतो आणि नंतर मुळात झालेला बदल त्या प्रतीत उतरत नाही. सातबाऱ्याचा उतारा काढल्यावर दप्तरात फेरफार झाला, तरी हातातला कागद जुनाच राहतो, तसेच हे आहे. एडिटर आधी टर्मिनलमधून सुरू केलेला असेल, तर त्याला त्या टर्मिनलचा पूर्ण पाथ मिळालेला असतो. अपडेटनंतर तोच मॅकच्या डॉकमधील, म्हणजे पडद्याच्या कडेच्या अॅप-पट्टीतील, चिन्हावर टिचकी मारून उघडला, की त्याचा जनक बदलतो आणि वारसाही. मॅकओएसवर अशा वेळी एडिटर स्वतः पडद्याआड एक शेल सुरू करून त्याच्याकडून पर्यावरण मिळवतो, परंतु हे काम दहा सेकंदांत उरकले नाही तर तो प्रयत्न सोडून देतो. शेलच्या आरंभ-फाइलीत, म्हणजे शेल उघडताच वाचल्या जाणाऱ्या सूचनांमध्ये, कालांतराने इतकी भर पडलेली असते की ही मुदत ओलांडली जाते. तेव्हा दोष एडिटरचा नसून त्या फाइलीतील संथ ओळींचा असतो आणि त्या एकेक करून तात्पुरत्या बंद केल्या की कारणीभूत ओळ हाती लागते.

मॅकवर आणखी एक प्रकार घडतो, आणि तो अधिक फसवा आहे, कारण त्यात चूक दाखवणारा संदेशच येत नाही. एडिटरचे टर्मिनल तेथे लॉगिन शेल, म्हणजे वापरकर्ता नव्याने दाखल झाल्यासारखा सुरू होणारा शेल, उघडते. असा शेल व्यवस्थेची एक उपयुक्तिका चालवून पाथची फेरमांडणी करतो, ज्यात व्यवस्थेचे फोल्डर पुढे येतात आणि वारशाने आलेले मागे ढकलले जातात. परिणामी प्रकल्पासाठी वेगळी ठेवलेली पायथन भाषेची आवृत्ती बाजूला राहून दुसरीच चालते. एडिटरच्या सेटिंगमध्ये टर्मिनलला पर्यावरणाचा वारसा देणे बंद केले, किंवा टर्मिनल लॉगिन शेल म्हणून न उघडण्याची सोय केली, तर ही उलटापालट थांबते.

एडिटर उघडणारी ‘कोड’ ही आज्ञाच नाहीशी झाली असेल, तर कारण पुष्कळदा साधे असते. मॅकवर ही आज्ञा म्हणजे मूळ अॅपकडे बोट दाखवणारा दुवा असतो, आणि अॅप डाउनलोड्स फोल्डरमधून हलवले गेले की तो दुवा रिकाम्या जागेकडे बोट दाखवू लागतो. अॅप अॅप्लिकेशन्स फोल्डरमध्ये ठेवावे आणि एडिटरच्या कमांड पॅलेटमधून, म्हणजे आज्ञा शोधण्याच्या पट्टीतून, ही आज्ञा पाथमध्ये पुन्हा बसवावी.

विंडोजवर पाथमधील फोल्डर अर्धविरामाने वेगळे केलेले असतात, युनिक्स-कुळात अपूर्णविरामाने. एका व्यवस्थेतून उचललेली ओळ दुसरीत चिकटवली तर यादीच मोडते. विंडोजवर पाथ बदलल्यावर एडिटरच्या सर्व खिडक्या बंद करून तो नव्याने उघडावा लागतो. नुसते नवे टर्मिनल उघडणे पुरत नाही, कारण ते अजूनही जुन्या एडिटरचेच अपत्य असते.