व्हय म्हाराजा आणि कौल : न वाचता दिलेल्या मताविषयी

मंडळी, विषय संगणकाचा वाटेल, पण मी तत्त्वज्ञानाचा मास्तर. मला यंत्रापेक्षा 'मत' या शब्दात रस आहे. मत म्हणजे माझा विचार, आणि मत म्हणजे मी टाकलेलं वोट. मराठीत दोन्हींना एकच शब्द. विचार न करता मत दिलं तर त्याला मत म्हणायचं का, एवढाच आजचा प्रश्न.

रेडिटसारख्या जागा तुमच्यापैकी तरुणांना ठाऊक असतील. 2005 साली ती सुरू झाली. कुणीतरी एखाद्या लेखाची किंवा बातमीची लिंक टाकतो, बाकीचे वर जाणारा बाण दाबतात नाहीतर खाली जाणारा. जास्त वरचे बाण मिळाले की ती लिंक वर चढते, म्हणजे आणखी लोकांना दिसते. टाकणाऱ्याच्या खात्यावर जी पुंजी जमते तिला तिथे चक्क 'कर्म' म्हणतात. (निष्काम असायची सोय त्यात नाही.) वर्तमानपत्राचा संपादक गेला, त्याच्या जागी हजारो वाचक संपादक आले, अशी यामागची कल्पना. कल्पना चांगलीच आहे.

पण हे वाचक वाचतात का? अमेरिकेतल्या नोत्र दाम विद्यापीठाच्या संशोधकांनी रेडिटच्या 309 वापरकर्त्यांच्या संमतीने त्यांचं वागणं नोंदवलं. 2017 साली ते प्रसिद्ध झालं. ज्या पोस्टना मत दिलं गेलं त्यातल्या 73 टक्के पोस्ट मत देणाऱ्याने उघडूनच पाहिल्या नव्हत्या. मथळा वाचला, बाण दाबला, पुढे गेला.

याला आळस म्हणून सोडून देऊ नका. आपल्याकडे देवळात गाऱ्हाणं घालतात तेव्हा प्रत्येक वाक्यानंतर जमाव काय म्हणतो? "व्हय म्हाराजा!" मागे उभ्या असलेल्याला शब्द ऐकू येतातच असं नाही, तरी तो म्हणतो. त्यात लबाडी नाही. 'मी तुमच्यात आहे', एवढंच तो सांगतो. वरचा बाण बहुतेक वेळा असाच व्हय म्हाराजा असतो. मथळ्यात आपल्या बाजूचं काही दिसलं, हात आपोआप उठला.

अडचण पुढे आहे. 2013 साली लेव्ह मुचनिक, सिनान अराल आणि शॉन टेलर यांनी 'सायन्स' नियतकालिकात एक प्रयोग मांडला. अशाच एका संकेतस्थळावरच्या 1,01,281 प्रतिक्रिया त्यांनी घेतल्या. काहींना, चिठ्ठ्या टाकाव्यात तशा निवडून, सुरुवातीलाच एक खोटं वरचं मत दिलं. फक्त एक. त्यापुढच्या पहिल्याच वाचकाने वरचं मत देण्याची शक्यता 32 टक्क्यांनी वाढली, आणि शेवटची सरासरी 25 टक्क्यांनी चढली. गंमत म्हणजे खोटं खालचं मत दिलं तेव्हा पुढच्या लोकांनी ते भरून काढलं. अन्याय दिसला की माणसं हात देतात, फुकटचं कौतुक मात्र कुणी खोडत नाही.

त्यात यंत्राची भर. रेडिटचं क्रम लावायचं जुनं सूत्र सर्वांना पाहायला खुलं होतं. त्यात पहिल्या दहा मतांचं वजन पुढच्या नव्वद मतांएवढं होतं, आणि साडेबारा तास जुन्या लिंकला नव्या लिंकच्या बरोबरीने उभं राहायला दसपट मतं लागत. आता मालवणच्या बंदरावर या. समजा, दोन लिंका एकाच वेळी पडल्या. एकात रापणीला लागलेल्या मासळीचा फोटो. दुसऱ्यात एलईडी दिव्यांवरच्या मासेमारीबद्दल कायदा काय म्हणतो याचा सविस्तर लेख, त्यात 1981 चा सागरी मासेमारी नियमन कायदा आणि त्यातली 2021 ची दुरुस्ती. फोटोला मत द्यायला दोन सेकंद लागतात. लेख प्रामाणिकपणे वाचणारा वीस मिनिटांनी मत देणार. तोवर पहिली दहा मतं फोटोला पडून तो वर गेलेला, लेख खाली बुडालेला. इथे कुणीही वाईट वागलेलं नाही. फक्त वाचणाऱ्याचं मत उशिरा आलं. आणि ज्याच्या पोटाचा प्रश्न त्या लेखात होता, त्या पारंपरिक मच्छीमाराच्या मुलाला तो दिसलाच नाही.

'पण इतके लोक चुकतील कसे?' या प्रश्नाला जुनं उत्तर आहे. फ्रान्सच्या कॉन्दोर्सेने 1785 साली गणिताने दाखवलं, की प्रत्येक माणूस बरोबर असण्याची शक्यता निम्म्याहून थोडी जरी जास्त असली, तरी माणसं वाढतील तसं बहुमत बरोबर असण्याची शक्यता वाढत जाते. प्रत्येकाची शक्यता शंभरात 60 धरा. तिघांचं बहुमत 65 च्या आसपास जातं, 101 जणांचं 98 च्या घरात. पण अट अशी, की प्रत्येकाने स्वतंत्रपणे ठरवलेलं असावं. शंभर जण पहिल्याकडे बघून हात वर करत असतील तर ती 101 मतं नव्हेत. ते एकच मत, 101 वेळा मोजलेलं.

आपल्या निवडणूक कायद्याला हे कळलेलं आहे. 2009 च्या दुरुस्तीने आलेल्या कलम 126अ प्रमाणे मतदानाचे सगळे टप्पे संपेपर्यंत एक्झिट पोल छापता, दाखवता येत नाहीत. लिंकांच्या या जागा नेमकं उलट करतात: आधी आकडा दाखवतात, मग मत विचारतात.

आता कौल. शब्द मूळ अरबी, अर्थ वचन, बोल. वर्तमानपत्रं 'जनतेचा कौल' लिहितात तो इथलाच. आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेची तारीख पंचांगात नसते, ती कौलाने ठरते. आचऱ्याची गावपळण तशीच. अख्खा गाव गुराढोरांसह वेशीबाहेर तीन दिवस तीन रात्री राहतो आणि रामेश्वराचा कौल झाल्यावर परततो. मी इथे देवाची बाजू मांडत नाही, रचनेकडे बोट दाखवतोय. आधी प्रश्न मोठ्याने, सगळ्यांसमोर उच्चारला जातो. व्हय म्हाराजा म्हणणारे म्हणतात, पण त्यांचा आवाज मोजून निर्णय होत नाही. एकीचा उच्चार वेगळा, निर्णय वेगळा. नेटवर या दोन गोष्टी एकाच बटणात कोंबल्या आहेत.

अर्थात प्रश्न कोणत्या शब्दांत घालायचा हे मानकरी ठरवतात, आणि ती सत्ता लहान नाही. बौद्ध भिक्षुसंघालाही हा पेच पडला होता. विनयपिटकातल्या चुल्लवग्गात शलाका, म्हणजे काड्या, वाटून मत घ्यायच्या तीन रीती आहेत: गुप्त, उघड आणि कानात कुजबुजून. काड्या वाटणारा लोभ, द्वेष, मोह, भय यांना वश नसावा, असं तिथे सांगितलंय. आणि तिथेच असंही आहे, की गुप्त मतदानात अधर्माच्या बाजूच्या काड्या जास्त निघाल्या तर मत पुन्हा घ्यावं! म्हणजे काडी वाटणारा निःपक्ष हवा, पण निकाल ठरलेला हवा. आजच्या कंपन्यांची सूत्रं याहून फार वेगळी नाहीत. फरक एवढाच की संघाने आपला नियम लिहून ठेवला.

उपाय लहान लहान आहेत. रेडिटने 2013 पासून प्रतिक्रियांचे आकडे काही काळ झाकून ठेवायची सोय दिली. आपल्या मराठीतल्या 'ऐसी अक्षरे'वर नुसत्या बाणाऐवजी मार्मिक, रोचक, माहितीपूर्ण, खोडसाळ अशा श्रेणी आहेत. मला ही रीत जास्त पटते, कारण 'माहितीपूर्ण' म्हणायचं तर निदान माहिती कुठली ते पाहावं लागतं. न पाहताही म्हणता येतंच, पण मग तो व्हय म्हाराजा उरत नाही, ते खोटं बोलणं होतं, आणि तेवढी लाज बहुतेकांना असते.