कणांच्या मागावर चंद्र, आगगाडी आणि एक फेरेट

सर्न प्रयोगशाळेत 1989 ते 2000 या काळात 'लेप' नावाचं यंत्र चालायचं. स्वित्झर्लंड-फ्रान्सच्या सीमेखाली 27 किलोमीटर घेराचा गोल बोगदा आणि त्यातल्या नळीत एका दिशेने इलेक्ट्रॉन, उलट दिशेने पॉझिट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉनचे प्रतिकण. त्यांची ऊर्जा इतकी बारकाईने मोजली जायची, की ती दिवसभरात किंचित वरखाली होते आहे हे शास्त्रज्ञांना खटकू लागलं. कारण निघालं चंद्र! समुद्राला भरती आणणारी ओढ जमिनीलाही उचलते आणि तेवढ्याने त्या अवाढव्य वर्तुळाचा घेर सुमारे एक मिलिमीटरने बदलतो. 27 किलोमीटरमध्ये एक मिलिमीटर. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास, समुद्राला उधाण येतं तेव्हा, फरक सर्वांत जास्त. 1992च्या मोजणीत हे पक्कं झालं आणि मग ऊर्जेचा हिशेब मांडताना चंद्र कुठे आहे हेही धरावं लागलं.

चंद्राचा हिशेब लागला तरी आकडे दिवसा थरथरायचे आणि मध्यरात्रीनंतर काही तास शांत व्हायचे. 1995 मध्ये उलगडा झाला. जिनिव्हा-पॅरिस मार्गावरच्या भरधाव टीजीव्ही गाडीच्या रुळांतून जमिनीत उतरणारी वीज यंत्राच्या नळीतून वाट काढत होती. रात्री गाड्या बंद, म्हणून आकडे शांत. पुढच्याच वर्षी कण नळीतून पुढे सरकेचनात. नळी उघडली, तर आत बिअरच्या दोन बाटल्या!

एवढी बारकाई कशासाठी?

कणांच्या जगाचा आजचा सर्वमान्य सिद्धान्त म्हणजे स्टँडर्ड मॉडेल. 1970च्या दशकात तो आकाराला आला. सहा क्वार्क, इलेक्ट्रॉन आणि न्यूट्रिनो धरून सहा लेप्टॉन, बलं वाहून नेणारे चार कण आणि 2012 मध्ये सापडलेला हिग्ज बोसॉन, असे सतरा मूलकण त्यात येतात. आजवरच्या जवळपास प्रत्येक परीक्षेत हा सिद्धान्त उतरला आहे. तरीही तो अपुरा आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यात गुरुत्वाकर्षण नाही. विश्वाचा सुमारे 27 टक्के भाग असलेलं कृष्णद्रव्य आणि 68 टक्के असलेली कृष्णऊर्जा म्हणजे नेमकं काय, हे तो सांगत नाही. विश्वाच्या आरंभी द्रव्य आणि प्रतिद्रव्य सारखंच जन्मलं असेल, तर प्रतिद्रव्य गेलं कुठे, याचंही पुरेसं उत्तर त्याच्याकडे नाही.

म्हणून जगभरचे प्रयोगकर्ते शोधत असतात तो न जुळणारा आकडा. सिद्धान्त एक सांगतो आणि यंत्र दुसरंच दाखवतं, अशी एक जागा पक्की सापडली की पुढचं दार उघडेल. पण आकडा खरोखर जुळत नाही, की चंद्राने आणि आगगाडीने तो हलवला आहे, हे ठरवण्यात वर्षानुवर्षं जातात. या विषयात मला सर्वांत जास्त ओढ आहे ती याच कामाची.

लेपच्या मोजणीत एका मुंबईकराचाही मोठा हात होता. होमी भाभांनी 1930च्या दशकात केंब्रिजमध्ये असताना, इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन समोरासमोर आले की कसे विखुरतात, याचं गणित मांडलं. त्याला जगभर 'भाभा स्कॅटरिंग' म्हणतात. एकूण टकरी किती झाल्या, हे लेपमध्ये याच गणिताच्या आधाराने मोजलं जायचं. ही मोजदाद पक्की नसेल तर पुढचा कुठलाच आकडा पक्का होत नाही.

फेलिशिया आणि तिची भावकी

1971 साली शिकागोजवळ आजची फर्मीलॅब उभी राहत होती. लांबच लांब, अरुंद नळ्यांमध्ये धातूचा कीस अडकलेला. साफ कसा करायचा? रॉबर्ट शेल्डन या ब्रिटिश अभियंत्याला त्याच्या मायदेशातले शिकारी आठवले, सशांच्या बिळात फेरेट सोडणारे. फेरेट म्हणजे लांबट अंगाचा, बिळात सहज शिरणारा मांसाहारी प्राणी. 35 डॉलर देऊन फेलिशिया नावाची फेरेट आणली गेली. तिच्या गळ्यात पट्टा, पट्ट्याला दोरी. ती नळीच्या पलीकडे निघाली की दोरीला रसायनात भिजवलेला बोळा बांधून ओढायचा, नळी स्वच्छ! मुख्य वर्तुळाच्या नळीत शिरायला तिने साफ नकार दिला, पण मेसॉन विभागाच्या नळ्या तिने चोख केल्या. पुढे तिची जागा यांत्रिक साधनाने घेतली.

तिच्याच भावकीतल्या मार्टेनने मात्र सर्नला दणका दिला. एप्रिल 2016 मध्ये एक मार्टेन 66,000 व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरवर चढला आणि लार्ज हॅड्रॉन कोलायडर, म्हणजे लेपच्याच बोगद्यात बसवलेलं जगातलं सर्वांत मोठं यंत्र, काही दिवस ठप्प झालं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आणखी एका मार्टेनचा असाच जीव गेला. त्याचं करपलेलं शरीर नेदरलँड्समध्ये रॉटरडॅमच्या निसर्ग-इतिहास संग्रहालयात ठेवलं आहे.

400 किलोमीटरसाठी जवळपास 9,000

न्यूट्रिनोचं वस्तुमान मोजायला जर्मनीतल्या कार्लस्रूहेमध्ये कॅट्रिन हा प्रयोग उभारला गेला. त्याची मुख्य टाकी 23 मीटर लांब, 10 मीटर व्यासाची, 200 टनांची. ती तयार झाली जेमतेम 400 किलोमीटरवरच्या डेगेनडॉर्फ गावी. पण एवढं धूड रस्त्याने जाईना आणि मधल्या कालव्यातही मावेना. मग ती डॅन्यूब नदीतून काळ्या समुद्रात, तिथून भूमध्य समुद्र, अटलांटिक आणि ऱ्हाइन नदी असा जवळपास 9,000 किलोमीटरचा वळसा घेऊन नोव्हेंबर 2006 मध्ये मुक्कामी पोचली. शेवटच्या गावात घरांच्या भिंती आणि टाकी यांच्यात काही सेंटिमीटरचंच अंतर उरलं होतं. या खटाटोपाचं फळ? न्यूट्रिनोचं वस्तुमान 0.45 इलेक्ट्रॉन-व्होल्टपेक्षा कमी आहे, असा निकाल 2025 मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे इलेक्ट्रॉनच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी.

म्यूऑनचं डोलणं

आकडा जुळतो की नाही, याची सर्वांत चित्तथरारक कहाणी म्यूऑनची. म्यूऑन हा इलेक्ट्रॉनचा 207 पट जड भाऊ, आयुष्य सरासरी जेमतेम 2.2 मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाचे 2.2 दशलक्षांश भाग. चुंबकीय क्षेत्रात तो भोवऱ्यासारखा डोलतो. किती वेगाने डोलेल हे 'जी' नावाच्या संख्येवर ठरतं आणि डिरॅक या भौतिकशास्त्रज्ञाच्या समीकरणाप्रमाणे ती बरोबर 2 असायला हवी. प्रत्यक्षात ती 2.00233 च्या आसपास भरते, कारण पोकळी कधीच पूर्ण रिकामी नसते. क्षणभर उमटून विरणारे कण म्यूऑनला सतत ढकलत असतात. आपल्याला अजून माहीत नसलेला कण असेल, तर तोही ढकलेल आणि शेवटच्या दशांशात पकडला जाईल!

2001 मध्ये न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत मोजलेला आकडा सिद्धान्ताशी जुळेना. अधिक चांगली मोजणी करायला फर्मीलॅबचा जोरदार म्यूऑन-झोत हवा होता. तेव्हा 2013 च्या उन्हाळ्यात 15 मीटर रुंदीचं अख्खं चुंबकीय कडं उचलून नेलं. जराही पीळ बसला तर ते निकामी होणार, म्हणून अटलांटिकच्या किनाऱ्याने खाली, फ्लोरिडाला वळसा, नद्यांमधून वर आणि शेवटी रात्री महामार्ग बंद करून ट्रकवरून, असा सुमारे 5,000 किलोमीटरचा प्रवास.

7 एप्रिल 2021 ला निकाल आला. जुनी मोजणी बरोबर होती आणि सिद्धान्ताशी तफावत 4.2 सिग्मा (सिग्मा म्हणजे निकाल किती भरवशाचा, याचं माप). कणभौतिकीत 5 सिग्मा झाल्याशिवाय कुणी 'शोध' हा शब्द उच्चारत नाही, पण हे अगदी उंबऱ्यावर होतं. त्याच दिवशी बुडापेस्ट-मार्सेल-वुपरताल गटाचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. महासंगणकावर त्यांनी सिद्धान्ताचा सर्वांत अवघड भाग नव्याने सोडवला होता आणि त्यांच्या उत्तरात तफावत जवळजवळ उरतच नव्हती! जून 2025 मध्ये फर्मीलॅबने अंतिम आकडा दिला, अनिश्चितता एक अब्जात 127 भाग. तोवर सिद्धान्तवाल्यांनीही महासंगणकाची पद्धत स्वीकारली होती आणि दोन्ही आकडे जुळले.

मग सगळं मिटलं का? नाही. सिद्धान्ताचा तोच भाग काढायची जुनी पद्धत वेगळं उत्तर देते आणि त्या पद्धतीला लागणारे प्रयोगही आपसात जुळत नाहीत. कोडं आता यंत्राकडून गणिताकडे सरकलं आहे. काहींना यात निराशा वाटली. मला मात्र वाटतं की वीस वर्षं एका आकड्याशी इतक्या प्रामाणिकपणे झुंजणं, हीच मोठी कमाई आहे.

बलं वाहून नेणाऱ्या चार कणांपैकी एक असलेल्या डब्ल्यू बोसॉनचंही असंच. 2022 मध्ये फर्मीलॅबच्या जुन्या यंत्रातल्या नोंदींवरून त्याचं वस्तुमान सिद्धान्तापेक्षा जास्त भरलं आणि खळबळ उडाली. 2024 मध्ये सर्नच्या सीएमएस प्रयोगाने मोजलं, तर ते सिद्धान्ताशी जुळणारं निघालं.

2011 मधली गंमत आणखी मोठी होती. सर्नमधून इटलीतल्या ग्रान सासो प्रयोगशाळेकडे, 730 किलोमीटर जमिनीतून, धाडलेले न्यूट्रिनो प्रकाशापेक्षा 60 नॅनोसेकंद आधी पोचताना दिसले. हा प्रयोग करणाऱ्या ऑपेरा गटाने आकडे जगापुढे ठेवले आणि चूक शोधायला सांगितलं. चूक सापडली: नीट न बसलेली एक ऑप्टिकल फायबरची केबल.

न्यूट्रॉनचा आकडा मात्र अजूनही अडलेला आहे. एकटा न्यूट्रॉन किती वेळ टिकतो? सापळ्यात कोंडून मोजलं तर सरासरी सुमारे 878 सेकंद, झोतात मोजलं तर सुमारे 888. हे दहा सेकंद कुठे जातात, याचा पत्ता अजून कुणाला लागलेला नाही.

आकडा खरा निघाला तेव्हा

सूर्याकडून येणारे न्यूट्रिनो पकडायला रे डेव्हिस यांनी 1960च्या दशकात अमेरिकेतल्या होमस्टेक सोन्याच्या खाणीत सुमारे 3,80,000 लिटर ड्रायक्लीनिंगचं रसायन साठवलं. न्यूट्रिनो त्यातल्या क्लोरीनवर आदळला की आर्गॉनचा एक अणू बनतो. टाकीतल्या अगणित अणूंमधून असे मोजके अणू वेचून मोजायचे! अपेक्षेच्या एक-तृतीयांशच न्यूट्रिनो सापडले. लोक म्हणाले, प्रयोग चुकतोय. डेव्हिस तीन दशकं मोजत राहिले.

ते बरोबर होते. न्यूट्रिनो वाटेत आपला प्रकार बदलतात. 1998 मध्ये जपानच्या सुपर-कामिओकांडेने आणि 2001-02 मध्ये कॅनडाच्या एसएनओने हे दाखवून दिलं. एसएनओमधलं 1,000 टन जड पाणी चक्क सरकारी अणुऊर्जा कंपनीकडून उसनं आणलेलं होतं. प्रकार बदलायचा तर वस्तुमान हवं, आणि मूळ स्टँडर्ड मॉडेलमध्ये न्यूट्रिनोला ते नाहीच. सिद्धान्ताला प्रयोगशाळेत पडलेली ही पक्की भेग. डेव्हिस यांना 2002 चं नोबेल मिळालं तेव्हा ते 88 वर्षांचे होते.

आपल्याकडच्या कोलार सोन्याच्या खाणीचं नाव इथे घ्यायलाच हवं. मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेने जपानच्या ओसाका आणि ब्रिटनच्या डरहॅम इथल्या शास्त्रज्ञांसह जमिनीखाली 2 किलोमीटरहून खोल डिटेक्टर लावले आणि वैश्विक किरणांमुळे वातावरणात जन्मणारे न्यूट्रिनो टिपले. 1965 मधला त्यांचा शोधनिबंध दक्षिण आफ्रिकेतल्या खाणीत हेच काम करणाऱ्या फ्रेडरिक राइन्स यांच्या गटाच्या निबंधाच्या थोडा आधी छापून आला. ही गोष्ट आपल्या शाळांमध्ये सांगायला हवी.

होमस्टेकची खाण आज पुन्हा कामाला लागली आहे. तिथे एलझेड प्रयोगात 10 टन द्रवरूप झेनॉन कृष्णद्रव्याच्या कणाची वाट पाहतो आहे. तो अजून सापडलेला नाही.

रोमन जहाजातलं शिसं

अशा नाजूक प्रयोगांना किरणोत्सारापासून आडोसा लागतो आणि शिसं त्याला उत्तम. अडचण अशी की ताज्या शिशातच थोडा किरणोत्सार असतो, कारण त्यातलं शिसं-210 अर्धं व्हायला 22 वर्षं लागतात. उपाय? फार जुनं शिसं आणायचं. सार्डिनियाजवळ सुमारे 2,000 वर्षांपूर्वी बुडालेल्या रोमन जहाजातल्या शिशाच्या लगडी ग्रान सासोला मिळाल्या. कोरीव अक्षरं असलेला भाग पुरातत्त्वासाठी जपला आणि उरलेलं शिसं वितळवून तिथल्या क्युओरे प्रयोगाभोवती बसवलं.

आणखी काही, झटपट

तुमचं वजन हिग्जमुळे आहे, असं कुणी सांगितलं तर पूर्ण विश्वास ठेवू नका. प्रोटॉनच्या वस्तुमानातला जेमतेम एक टक्का क्वार्कच्या स्वतःच्या वस्तुमानातून येतो. बाकी सगळी आतल्या क्वार्क-ग्लुऑनची ऊर्जा.

केळ्यातल्या पोटॅशियममुळे साधारण सव्वा तासाला एक पॉझिट्रॉन, म्हणजे प्रतिद्रव्याचा कण, बाहेर पडतो. खायला काही हरकत नाही.

प्रतिद्रव्य खाली पडतं की वर? 2023 मध्ये सर्नच्या अल्फा प्रयोगाने प्रतिहायड्रोजन सोडून पाहिला. खालीच पडतं.

आकाशातून येणारे म्यूऑन मोजून 2017 मध्ये खुफूच्या पिरॅमिडमध्ये किमान 30 मीटर लांबीची पोकळी सापडली, एकही दगड न हलवता. आणि टीआयएफआरच्या उटीतल्या ग्रेप्स-3 प्रयोगाने म्यूऑनची घट मोजून डिसेंबर 2014 मधल्या एका गडगडाटी ढगात 1.3 अब्ज व्होल्टचा दाब असल्याचं दाखवलं.

सर्नच्या सीएमएस प्रयोगातला एक बाहेरचा डिटेक्टर टीआयएफआर आणि पंजाब विद्यापीठाने मिळून बांधला आहे. त्याच सीएमएसमधल्या खऱ्या टकरींच्या नोंदी 2014 पासून सर्नच्या ओपन डेटा संकेतस्थळावर सर्वांना मोफत खुल्या आहेत. भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या शिक्षकांनी आणि प्रोग्रॅमिंग येणाऱ्या मुलांनी त्या जरूर उतरवून घ्याव्यात आणि स्वतः आलेख काढून बघावेत.