दसऱ्यानंतरचे आभाळ: दहिसरच्या सुट्टीतील प्रवासाचा मागोवा

दसरा झाला की पावसाळा संपला, ही मुंबईकरांच्या मनात पक्की बसलेली समजूत आहे, आणि दिवाळीच्या सुट्टीपासून नाताळापर्यंतच्या प्रवासाचे सारे बेत तिच्याच भरवशावर आखले जातात. बृहन्मुंबईच्या उत्तर वेशीवरील दहिसरात हा भरवसा अगदी डोळ्यांपुढे दिसतो, कारण पश्चिम रेल्वेचे रूळ आणि अहमदाबादकडे जाणारा महामार्ग हे दोन्ही येथूनच शहराबाहेर पडतात. गुजरात-राजस्थानला निघालेली कुटुंबे लांब पल्ल्याच्या गाडीसाठी बोरिवली गाठतात, तर कोकणात निघालेली कुटुंबे रात्री महामार्गाच्या कडेला बाचक्यांवर बसून ट्रॅव्हल्सची वाट पाहतात; फराळाचा डबा मांडीवर जपलेला असतो आणि छत्री मात्र घरी माळ्यावर गेलेली असते. गेल्या सव्वाशेहून अधिक वर्षांचा मागोवा घेतला, तर ही समजूत समुद्राने पुन:पुन्हा खोटी ठरवल्याचे दिसते.

त्याचे कारण हवामानशास्त्रात स्पष्ट आहे. अरबी समुद्रातील चक्रीवादळांचे दोन हंगाम मानले जातात, एक मे-जूनचा आणि दुसरा ऑक्टोबर ते डिसेंबरचा, ज्याला मान्सूनोत्तर हंगाम म्हणतात. चक्रीवादळ म्हणजे उबदार समुद्रावरील कमी दाबाच्या केंद्राभोवती वेगाने फिरणाऱ्या वाऱ्यांची आणि ढगांची प्रचंड रचना. ऐन पावसाळ्यात समुद्रालगत नैर्ऋत्येचे वारे आणि उंचावर पूर्वेचे वारे अशी स्थिती असते, व उंचीनुसार वाऱ्यात पडणारा हा फरक ढगांचा मनोरा पुरता उभा राहण्याआधीच मोडून टाकतो. पावसाळा ओसरला की हा फरक कमी होतो, समुद्राचे पाणी मात्र अजून पुरेसे उबदार असते. म्हणजे पाऊस थांबणे हे समुद्र निवल्याचे लक्षण नव्हे, उलट वादळाला मोकळीक मिळण्याचा तोच काळ होय.

या मोकळिकीचा सर्वांत करुण दाखला ८ नोव्हेंबर १८८८ चा आहे. कच्छपर्यंत तेव्हा रेल्वे पोचलेली नव्हती आणि मांडवीहून मुंबईला येण्याचा सोयीचा मार्ग समुद्राचाच होता. मुंबईच्या शेफर्ड कंपनीची ‘वैतरणा’ ही आगबोट त्या दिवशी, म्हणजे कार्तिक शुद्ध पंचमीला, मांडवीहून निघाली. दिवाळी नुकतीच सरली होती. बोटीवर लग्नाची वऱ्हाडे होती आणि मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकच्या परीक्षेसाठी निघालेले विद्यार्थीही होते. बोटीत विजेचे दिवे असल्यामुळे लोक तिला ‘वीजळी’ म्हणत, आणि पणत्या व कंदिलांच्या त्या काळात अंधाऱ्या समुद्रावरून उजळून जाणारी ही आगबोट किनाऱ्यावरच्या माणसांना किती भरवशाची वाटत असेल, याची कल्पना करता येते. द्वारकेहून ती पोरबंदरला आली, पण खवळलेल्या समुद्रामुळे तेथे उतारू उतरवता आले नाहीत. पुढे मांगरोळच्या आसपास ती अखेरची दिसली आणि सातशेहून अधिक माणसांसह नाहीशी झाली. तिचे अवशेष मिळाले नाहीत. नंतरच्या चौकशीत जीवरक्षक साधने अपुरी असल्याचे पुढे आले.

बोटीचे नाव दहिसरच्या उत्तरेला, विरारच्याही पुढे, पश्चिम रेल्वे जी ओलांडते त्या वैतरणा नदीचे; आणि बोटीचा कप्तान हाजी कासम याच्या मालकीची जमीन बोरिवली ते दहिसर या पट्ट्यात होती, असे सांगितले जाते. गुजरातीत या दुर्घटनेवर लोकगीते झाली आणि त्याचे नाव सौराष्ट्रभर राहिले. ज्या भागाशी त्याचा संबंध सांगितला जातो, तेथे ही आठवण जवळपास पुसली गेली आहे, याची खंत वाटल्याशिवाय राहत नाही.

पुढे १९४८ च्या नोव्हेंबरात, २१ आणि २२ तारखेस, चक्रीवादळ थेट मुंबईवर आले. दहिसर तेव्हा मुंबईत नव्हते, ठाणे जिल्ह्यात होते. बृहन्मुंबईची हद्द येथवर वाढली ती १९५७ साली. कोकणातल्या चाकरमान्यांचा, म्हणजे मुंबईत नोकरी करून गावचे घर चालवणाऱ्यांचा, प्रवास त्या काळात मुख्यतः आगबोटीने होई. पावसाळ्यात बंद असलेली ही वाहतूक पाऊस ओसरल्यावर सुरू होत असे, आणि अनेक बंदरांत बोट धक्क्याला लागत नसल्याने बायका-मुलांना हलत्या मचव्यात उतरावे लागे. अशा वेळी उतारूंचे लक्ष बंदरावरच्या बावट्याकडे असे. बावटा म्हणजे वादळाची सूचना देणारे क्रमांकाचे निशाण. बंदरखाते एकपासून अकरापर्यंतचे क्रमांक वापरते आणि तीन नंबर लागला की होड्या किनाऱ्याला ओढल्या जातात. ‘बावटा लागला’ एवढे दोन शब्द प्रवास रद्द व्हायला पुरेसे होते.

२६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर सुरू झाली, तोवर प्रवास समुद्रावरून जमिनीवर आला होता आणि बावटा फक्त मच्छीमारांपुरता उरला. तरीही ११ नोव्हेंबर २००९ रोजी ‘फयान’ चक्रीवादळ अलिबाग आणि मुंबई यांच्या दरम्यान किनारा ओलांडून गेले, तेव्हा कोकणातील अनेक नौका समुद्रातच होत्या आणि त्यांवरील मच्छीमारांच्या घरांवर काळाचा घाला पडला. डिसेंबर २०१७ मधील ‘ओखी’ गुजरातच्या किनाऱ्याजवळ पोचता पोचता विरले, पण ५ डिसेंबरला मुंबईतील शाळांना सुट्टी द्यावी लागली, आणि डॉ. आंबेडकरांच्या महापरिनिर्वाण दिनासाठी दूरदूरच्या जिल्ह्यांतून आलेल्या अनुयायांचे शिवाजी पार्कवरील मंडप भिजल्याने महापालिकेला त्यांची सोय आपल्या शाळांमध्ये करावी लागली. या अनुयायांचा प्रवास सुट्टीचा नव्हता, श्रद्धेचा होता. म्हणूनच पाऊस लागला तरी तो पुढे ढकलण्याचा प्रश्न नव्हता. २०१९ साली लक्ष्मीपूजनाच्या, २७ ऑक्टोबरच्या, सुमारास ‘क्यार’ महाचक्रीवादळाने कोकणाला झोडपले, आणि ते ओसरण्याआधीच ‘महा’ हे दुसरे वादळ त्याच समुद्रात उभे राहिले. १ डिसेंबर २०२१ ला तर वादळाचे नावही नव्हते, तरी चोवीस तासांत मुंबईत सुमारे ९० मिलिमीटर पाऊस झाला.

हिवाळा पुढे सरकला की अडथळा समुद्राकडून न येता उत्तरेकडून येतो. भूमध्य समुद्राकडून पूर्वेला सरकणाऱ्या हवेच्या प्रणालींना पश्चिमी झंझावात म्हणतात. त्यांच्या पावसाने ओलावलेल्या उत्तर भारताच्या मैदानात, वारा पडलेल्या थंड रात्री, दाट धुके साचते. दिल्लीकडून येणारी गाडी त्यात अडकली की तिचेच डबे परतीला लावायचे असल्याने इकडून सुटणारी गाडीही उशिरा सुटते, आणि बोरिवलीच्या फलाटावर स्वच्छ उन्हात उभ्या असलेल्या उतारूला आपण नेमके कोणत्या हवामानामुळे खोळंबलो, हे उमगत नाही.

या साऱ्या काळात वादळाची सूचना देण्याचे काम फार सुधारले आहे; ‘वीजळी’च्या उतारूंना जे कळण्याचा मार्ग नव्हता, ते आज मोबाईलवर काही दिवस आधी कळते. वेळापत्रके मात्र अजून पंचांगासारखी ठरावीक तारखांना बांधलेली आहेत. कोकण रेल्वेचे पावसाळी वेळापत्रक म्हणजे दरडी आणि अंधुक दृश्यमानता यांमुळे गाड्यांचा वेग मुद्दाम कमी ठेवणारी व्यवस्था. अतिवृष्टीत तर हा वेग ताशी ४० किलोमीटरपर्यंत खाली आणला जातो. पूर्वी ही व्यवस्था ३१ ऑक्टोबरपर्यंत असे, २०२५ मध्ये ती २० ऑक्टोबरलाच संपवण्यात आली. वेळ वाचवण्याच्या दृष्टीने हा निर्णय समजण्याजोगा आहे, पण ‘क्यार’, ‘फयान’ आणि ‘ओखी’ या तिन्ही वादळांच्या तारखा २० ऑक्टोबरनंतरच्याच आहेत, हे विसरून चालणार नाही. नेहमीच्या वेगाचे वेळापत्रक सुरू झाले ते २१ ऑक्टोबरला, लक्ष्मीपूजनाच्या दिवशी. आणि त्याच आठवड्यात अरबी समुद्रात कमी दाबाचे क्षेत्र तयार होऊन मुंबई, ठाणे आणि कोकणात मेघगर्जनेसह पाऊस पडत होता.